कॅमेरा आभाळाकडे वळला तेव्हा

संध्याकाळचे पावणेआठ. बुखारेस्टच्या एका वसाहतीत, सिमेंटच्या उंच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर तुम्ही घरातही ओव्हरकोट घालून बसला आहात. साल १९८९, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. खिडकीखालच्या रेडिएटरवर हात ठेवला तर आपणच त्याला ऊब देतोय असं वाटतं. छताला एकच दिवा, चाळीस वॉटचा. स्वयंपाकघरात डुकराचे पाय शिजताहेत. रांगेत उभं राहून मिळवलेल्या या पायांना इथं सगळे ‘आदिदास’ म्हणतात. बाकीचं डुक्कर परदेशी कर्ज फेडायला निर्यात होतं. कर्ज याच वर्षी फिटलं, तसं जाहीरही झालं. दुकानांतल्या फळ्या मात्र अजून रिकाम्याच आहेत.

आठ वाजता टीव्ही सुरू होईल आणि दहाला बंद. वीज वाचवायची म्हणून रोजचं प्रक्षेपण दोन तासांवर आणलंय. दुसरी वाहिनी तर १९८५ मध्येच गुंडाळली. या दोन तासांत रुमेनियाचे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू कारखाना पाहतात, शेत पाहतात, पाहुण्यांशी हस्तांदोलन करतात. नुकतंच कम्युनिस्ट पक्षाचं चौदावं अधिवेशन झालं आणि ते पुन्हा सरचिटणीस झाले. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बर्लिनची भिंत याच महिन्यात पडली, पण ती या पडद्यावर पडली नाही. ती पडली शेजारच्या घरात, दार लावून ऐकलेल्या ‘रेडिओ फ्री युरोप’च्या खरखरीत.

म्हणून माणसांनी आपापले चोरवाटेचे पडदे शोधलेत. गच्चीवरच्या अँटेना बल्गेरियाची वाहिनी पकडतात. कुणाकडे व्हिडिओ प्लेअर असला, तर रात्री दहा-बारा जण जमून चोरून आणलेले अमेरिकन सिनेमे पाहतात. त्यांतले नायक, खलनायक, लहान मुलं, सगळे एकाच बाईच्या आवाजात रुमेनियन बोलतात. ती बाई म्हणजे इरिना मार्गारेता निस्तोर, सरकारी टीव्हीवरच भाषांतराचं काम करणारी. या देशाला पडद्यावरचा आवाज आणि चित्र वेगवेगळं करून पाहायची सवय झालेली आहे.

तुमच्यापाशी इतरांपेक्षा एकच गोष्ट जास्त आहे: महिन्याभरानंतर काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगू मात्र नका. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण विश्वास ठेवणार नाहीत, आणि जो वहीत टिपून घेईल तो ‘सेक्युरिताते’चा, गुप्त पोलिसांचा माणूस असेल.

२१ डिसेंबर, दुपार : चौक

आता तुमच्या हातात काठीला लावलेलं चाउशेस्कूंचं छायाचित्र आहे. कारखान्यातून बसमध्ये बसवून तुम्हाला पॅलेस चौकात आणलंय. पुढच्या रांगांत भरवशाची माणसं. घोषणा कधी सुरू करायच्या, कधी थांबवायच्या, त्यांना पाठ आहे. समोर पक्षाच्या केंद्रीय समितीची इमारत आणि तिचा तो सज्जा.

पश्चिमेकडच्या तिमिश्वारा शहरात १६ तारखेपासून माणसं रस्त्यावर आहेत. लास्लो तोकेश नावाच्या एका हंगेरियन वंशाच्या धर्मगुरूला घरातून हुसकावू नये म्हणून लोक जमले आणि बघता बघता सगळं शहर उठलं. सैन्यानं गोळ्या घातल्या. चाळीसहून अधिक मृतदेह गुपचूप राजधानीत आणून जाळले. त्या दिवसांत चाउशेस्कू इराणच्या दौऱ्यावर होते. काल परतले आणि आज त्यांनी सभा बोलावली.

आता सभा कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी आणखी मागं जावं लागतं. याच सज्जातून २१ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांनी चेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या सोव्हिएत रणगाड्यांचा जाहीर निषेध केला होता. त्या दिवशी या चौकातल्या टाळ्या खऱ्या होत्या. ज्यांना पक्ष आवडत नव्हता त्यांनीही वाजवल्या. पुढची एकवीस वर्षं त्या टाळ्यांची नक्कल करवून घेण्यात गेली. दर सभेत तोच सज्जा, तोच चौक, तोच कॅमेऱ्याचा कोन. प्रचार फक्त लोकांनाच फसवतो असं नाही. तो करवून घेणाऱ्यालाही हळूहळू खरा वाटू लागतो. सज्जावर उभ्या असलेल्या या म्हाताऱ्याला आज आपली जुनी आठवणच वाचवील असं वाटतंय.

भाषण सुरू होतं. आयोजकांचे आभार, समाजवादाची महती. मग मागच्या बाजूनं कसलासा आवाज उठतो. फटाका? गोळी? किंचाळी? नेमकं काय झालं यावर पुढची कित्येक वर्षं वाद होईल आणि इथं उभं असूनही तुम्हाला ते सांगता येणार नाही. गर्दी एकदम सरकते. कुणाच्या तरी हातातला फलक खाली पडतो, कुणीतरी त्याच्यावर पाय देतं. सज्जावर चाउशेस्कूंचा उजवा हात वर जातो. ‘अलो! अलो!’ फोन मध्येच तुटल्यावर माणूस ओरडतो, तसं. शेजारी त्यांची पत्नी एलेना लोकांना गप्प करायला धडपडतेय.

तीच दुपार, तोच क्षण : गाडीच्या आत

काळातल्या प्रवाशाला एक सवलत असते. तोच क्षण तो पुन्हा, वेगळ्या जागेवरून पाहू शकतो.

तुम्ही टीव्हीच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत आहात. समोर छोटे पडदे, प्रत्येकावर एकेका कॅमेऱ्याचं चित्र. आवाज होतो आणि चित्र हादरतं. देशभरातल्या घरांत जाणारं प्रक्षेपण तुटतं, पडदा लाल होतो आणि त्या लाल रंगावर ‘थेट प्रक्षेपण’ ही अक्षरं तेवढी राहतात. गाडीतलं यंत्र मात्र थांबलेलं नाही. टेप फिरतेय.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. एक कॅमेरा सज्जावरून हलतो, इमारतींवरून सरकत वर जातो आणि आभाळ दाखवू लागतो. कॅमेरामन बिथरलेला नाही. सभेत काही अनपेक्षित घडलं तर कॅमेरा आभाळाकडे फिरवायचा, असा त्याला हुकूमच आहे. म्हणजे गोंधळाची शक्यता व्यवस्थेनं गृहीत धरली होती आणि त्या गोंधळासाठी एक चित्रही ठरवून ठेवलं होतं. बुखारेस्टचं डिसेंबरचं आभाळ, ज्यात कुणाचा हात वर होत नाही आणि कुणी पळत नाही.

काही मिनिटांनी लाल रंग जातो, सज्जा परत येतो. चाउशेस्कू पगारवाढ जाहीर करतात, मुलांचे भत्ते वाढवतात. पण त्या लाल पडद्यानं जे सांगायचं ते सांगून टाकलंय. जवळजवळ पंचवीस वर्षं सत्तेवर असलेल्या या माणसाचं बोलणं मध्येच तुटलं होतं.

आता तिसरी जागा. शहरातलं एक घर. कुणी हौशी माणूस स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा टीव्हीसमोर धरून भाषण टिपतोय. पडद्यावर गोंधळ होतो तसा तो कॅमेरा टीव्हीवरून काढतो, खोलीतून खिडकीपाशी नेतो आणि खाली रस्त्यावर रोखतो. रस्त्यावर माणसं चालताहेत. टीव्ही म्हणतोय ते बाहेर खरंच घडतंय का, एवढंच त्याला पाहायचंय. टीव्हीपासून खिडकीपर्यंत चार पावलं. या देशात ती कॅमेरा हातात घेऊन चालणं ही साधी गोष्ट नव्हती.

२२ डिसेंबर : चौथा स्टुडिओ

रात्री विद्यापीठ चौकात गोळ्या चालल्या. सकाळी संरक्षणमंत्री वासिले मिल्या यांच्या मृत्यूची बातमी आली आणि सैन्य हळूहळू लोकांच्या बाजूला सरकलं. कारखान्यांमधून माणसं पुन्हा चौकात आलीत, या वेळी स्वतःच्या पायांनी. दुपारी बाराच्या सुमाराला केंद्रीय समितीच्या गच्चीवरून एक हेलिकॉप्टर उडतं. खालची गर्दी वर पाहते.

तुम्ही गर्दीबरोबर टीव्ही केंद्रात घुसता. सत्ता ताब्यात घ्यायची तर राजवाडा घ्यायचा, असं जुनं शास्त्र. इथं लोकांना काही न शिकवता कळलंय की आधी स्टुडिओ घ्यायचा. चौथ्या स्टुडिओत निवेदकाच्या टेबलामागं दाटीवाटीनं माणसं उभी आहेत. मध्यभागी स्वेटरमधला कवी मिर्चा दिनेस्कू. काल-परवापर्यंत तो घरात नजरकैदेत होता. शेजारी अभिनेता इऑन कारामित्रु. प्रक्षेपण अजून सुरू व्हायचंय, पण कॅमेरा चालू आहे, आणि तुम्ही जे पाहता ते त्या दिवशी देशानं पाहिलेलं नाही. कोणी कुठं उभं राहायचं, सुरुवात कशी करायची, यावर कुजबुज चाललीय. कारामित्रु दिनेस्कूला सुचवतात : मिर्चा, तू काहीतरी काम करतोयस असं दाखव.

हसू नका. चोवीस तासांपूर्वी त्या सज्जावर जे चाललं होतं त्यात आणि यात फरक आहे. इथं भीती झुगारली गेलीय, आवाज खरे आहेत, डोळ्यांत रात्रीचं जागरण आहे. तरीही कॅमेऱ्यापुढं उभं राहिल्याबरोबर क्रांतीलाही तालीम लागते. हुकूमशहा पळाला ही बातमी आता याच टेबलावरून सगळीकडे जाईल आणि उद्या प्रत्येकाला आठवेल ती याच चौकटीत, याच स्वेटरसकट. चौकट कुणी आखली हे कुणाला आठवणार नाही.

तिकडे केंद्रीय समितीच्या सज्जावर पंतप्रधान दास्कालेस्कू सरकारचा राजीनामा जाहीर करतात. टीव्हीची जोडणी तेव्हा तयार नव्हती. म्हणून सरकार पुन्हा एकदा राजीनामा देतं, या वेळी कॅमेऱ्यासाठी. आतल्या एका खोलीत पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले इऑन इलिएस्कू आणि त्यांचे सहकारी नव्या आघाडीला नाव काय द्यायचं यावर खल करताहेत. तिथंही एक कॅमेरा पोहोचलाय.

पुढचे १२० तास हे प्रक्षेपण थांबणार नाही. कालपर्यंत दोन तास चालणारा टीव्ही आता दिवसरात्र चालतोय.

२२ ते २५ डिसेंबर : रात्री

आणि याच १२० तासांत माणसं मरताहेत. या क्रांतीत हजारांहून अधिक जीव गेले, आणि त्यांतले बहुसंख्य चाउशेस्कू पळून गेल्यानंतर.

तुम्ही रस्त्यावर आहात. टीव्ही सांगतोय की ‘दहशतवादी’ आलेत. पाण्यात विष कालवलंय. केंद्रावर हल्ला होतोय, वाचवायला या. लोक येतात. सैनिकही येतात. अंधारात एक जण खिडकीकडे बोट दाखवतो, बंदुका तिकडे वळतात, समोरूनही उत्तर येतं, कारण समोरच्यांनीही तोच टीव्ही पाहिलाय. विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय पेटतं. सुमारे पाच लाख पुस्तकं जातात. दहशतवादी कोण, हे तुम्ही कॅमेऱ्यांमागून फिरून शोधता. कॅमेरे बंदुकांच्या मागून धावतात, खिडक्या दाखवतात, धूर दाखवतात. शत्रू काही चौकटीत येत नाही.

परदेशी वाहिन्यांवर याच दिवसांत तिमिश्वाराची सामूहिक कबर दिसते. मातीवर मांडलेली प्रेतं, छातीपासून पोटापर्यंत शिवलेली. छळ करून मारलेत, असं जग समजतं. मृतांचा आकडा हजारांत सांगितला जातो. नंतर कळतं की ती प्रेतं गरिबांच्या दफनभूमीतून उकरलेली आहेत आणि टाके शवविच्छेदनाचे आहेत. तिमिश्वारात माणसं मारली गेली हे खरं होतं. खऱ्या मृतांपैकी अनेकांचे देह तर आधीच जाळून टाकलेले. ज्याचा पुरावा नष्ट झाला होता त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचे देह ठेवले गेले, आणि पुढं या खोट्याचा बोभाटा झाला तेव्हा खऱ्या मृतांवरही संशय आला.

२५ तारखेला, नाताळच्या दिवशी, तर्गोविश्तेच्या लष्करी छावणीत घाईघाईचा खटला चालतो. चित्रात सतत ते दोघंच : टेबलामागं अंग चोरून बसलेले, कोट न काढलेले म्हातारा-म्हातारी. शिक्षा होते, त्यांना बाहेर नेलं जातं. तुम्ही धावत सुटता, कारण प्रचारानं घडवलेल्या या सगळ्या काळाचा शेवट तुम्हाला डोळ्यांनी पाहायचाय. पण कॅमेरामन वेळेत पोहोचत नाही. तो पोहोचेपर्यंत गोळीबार जवळजवळ आटोपलाय. टेपवर धुरळा आहे, शेवटचे बार आहेत, मग जमिनीवरचे देह.

१९९२ : एडिटिंग टेबल

जर्मनी. आता तुमच्यासमोर दोन माणसं बसली आहेत आणि त्यांच्यामागं सव्वाशे तासांहून जास्त फुटेज आहे : सरकारी टीव्हीचं, हौशी लोकांचं, ओबी व्हॅनमधल्या त्या न थांबलेल्या टेपचंही.

एक आंद्रेई उजिका. मूळचे तिमिश्वाराचे, १९८१ मध्ये देश सोडून जर्मनीत आलेले. दुसरे हारून फारोकी. नाव वाचून तुम्ही थबकाल, आणि बरोबरच आहे : वडील भारतीय डॉक्टर, अब्दुल कुद्दूस फारुकी; आई जर्मन. जन्म १९४४ चा, तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या एका चेक गावातला. बालपणाचा काही काळ भारतात आणि इंडोनेशियात गेला. हा माणूस आयुष्यभर एकाच प्रश्नामागं लागलाय : हे चित्र कुणी, कुठून आणि कुणासाठी घेतलं? १९६९ मध्ये नापाम या आगलाव्या अस्त्रावरच्या चित्रपटात त्यांनी जळत्या माणसाचं दृश्य दाखवायचं नाकारलं. कारण प्रेक्षक डोळे मिटून घेईल. त्याऐवजी स्वतःच्या हातावर सिगारेट विझवली आणि सांगितलं : सिगारेट ४०० अंशांवर जळते, नापाम ३००० अंशांवर. दुसऱ्या एका चित्रपटात त्यांनी १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानातून घेतलेली छायाचित्रं तपासली. ते विमान एक कारखाना शोधत होतं, आणि ऑशवित्झची छळछावणी आपसूक चौकटीत आली. ती तिथं आहे हे विश्लेषकांना दिसलं १९७७ साली. कुणी शोधत नव्हतं, म्हणून दिसली नव्हती.

‘व्हिडिओग्राम्स ऑफ अ रेव्होल्यूशन’ हा त्या दोघांचा १०६ मिनिटांचा चित्रपट. त्यात त्यांनी स्वतः एकही मुलाखत घेतलेली नाही, करुण संगीत घातलेलं नाही. ज्या क्षणांतून तुम्ही आत्ता फिरून आलात त्यांतले बरेचसे त्यात आहेत, आणि एका बाईचा शांत आवाज अधूनमधून फक्त जागा दाखवतो. सुरुवातीला तिमिश्वाराच्या एका खिडकीतून घेतलेलं दृश्य येतं : चौकटीचा मोठा भाग इमारतींनी व्यापलेला, मोर्चा पार दूर, वरच्या कडेला. कुणाही संपादकानं हे वाया गेलेलं फुटेज समजून टाकून दिलं असतं. इथं ते थांबवून पाहायला लावलंय. कॅमेरा एवढा लांब आहे तो भीतीमुळं. म्हणजे घटनेपासूनचं ते अंतरही इतिहासाचाच भाग झालं.

प्रचाराला उत्तर म्हणून दुसरा प्रचार करणं सोपं होतं. हुकूमशहा दुष्ट, जनता शूर, एवढं सांगून १०६ मिनिटं टाळ्या मिळाल्या असत्या. या दोघांनी सज्जावरच्या कॅमेऱ्याला जो प्रश्न विचारला, तोच चौथ्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्यालाही विचारला. माझ्या मते त्यांच्या कामाची खरी धार इथं आहे. सामूहिक आठवण खोटी ठरवायला ते निघाले नव्हते. ती कुठल्या जागेवरून घेतलीय, तिचं प्रक्षेपण कुठं तुटलं आणि तुटलेल्या वेळात टेपवर काय उरलं, याचा नकाशा त्यांना काढायचा होता. उजिकांनी पुढं २०१० मध्ये उलट बाजूनंही ते केलं : चाउशेस्कूंच्या दरबारी कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या फितींतूनच तीन तासांचा चित्रपट रचला, निवेदनाचा एक शब्द न घालता. हुकूमशहा स्वतःला जसा आठवू इच्छित होता तसाच तो त्यात दिसतो, आणि तेच त्याच्या विरोधातली साक्ष ठरतं.

२००६ : शिकागो

शेवटचा मुक्काम थोडक्यात. अमेरिकेतल्या एका जागेत तरुण विद्यार्थी टेबलामागं गर्दी करून उभे आहेत. रुमेनियाहून आलेली कलाकार इरिना बोट्या त्यांच्याकडून ‘व्हिडिओग्राम्स’मधली दृश्यं करवून घेतेय. त्यांना रुमेनियन येत नाही. उच्चार घोकून ते ओरडताहेत. ‘ऑडिशन्स फॉर अ रेव्होल्यूशन’ हे त्या कामाचं नाव. कुणी मध्येच अडखळतं, कुणाला हसू येतं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्या तोंडी ती आठवण गेली की तिचे हातवारे तेवढे शिल्लक राहतात. पण नकलेतूनच मूळचे हातवारेही आधी कुठून उचलले होते ते तुमच्या ध्यानात येतं. दिनेस्कू आणि कारामित्रु यांनाही क्रांती कशी दिसते हे कदाचित सिनेमांनीच शिकवलं होतं.

आता तुम्ही परत आलात, आणि एक गोष्ट तिथल्या न्यायालयासाठीही सुटलेली नाही. २०१९ मध्ये रुमेनियाच्या सरकारी वकिलांनी इऑन इलिएस्कू यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं आरोपपत्र ठेवलं. दहशतवाद्यांची भीती टीव्हीवरून पसरवली गेली, त्या भीतीनं माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत सुटली आणि ती मेली, हा त्या आरोपाचा गाभा. इलिएस्कू २०२५ मध्ये वारले, शिक्षा न होता. एका राष्ट्रानं पाच दिवस डोळ्यांची पापणी न लववता जे पाहिलं, त्यात गोळी कुणी कुणावर आणि का झाडली हे तीस वर्षांनंतर वकिलांना त्याच टेपा पुन्हा लावून शोधावं लागलं. ‘मी स्वतः टीव्हीवर पाहिलं’ हे वाक्य त्या देशात लाखो माणसं खरेपणानं म्हणतात. फारोकी आणि उजिका त्यांना खोटं पाडत नाहीत. त्यांची अट एवढीच, की ती साक्ष देताना माणसानं पुढचंही सांगावं : तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता, आणि खिडकीपर्यंतची ती चार पावलं आपण चाललो होतो का.